आजची स्पोर्ट्स कार उद्याचा ठेवा ठरेल का? नव्याने या वाटेला लागलेल्यांसाठी

१९७८ साली इंडियानापोलिस ५०० शर्यतीत पेस कार (सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे धावणारी गाडी) म्हणून कॉर्व्हेटची निवड झाली आणि शेव्हरोलेने त्या गाडीची काळ्या-चंदेरी रंगातली खास आवृत्ती बाजारात आणली. एकूण ६,५०२ गाड्या बनल्या. 'हिला पुढे सोन्याचा भाव येणार' अशी हवा झाली. लोकांनी छापील किमतीच्या दुप्पट पैसे मोजून त्या उचलल्या आणि चालवायच्या सोडून झाकून ठेवल्या. महागाईचा हिशेब धरला, तर यातल्या बऱ्याच गाड्या आजही मूळ किमतीपेक्षा स्वस्तात मिळतात.

त्याच्या सात वर्षं आधीची गोष्ट बरोबर उलटी आहे. १९७१ च्या प्लिमथ हेमी 'कुडा या मोठ्या इंजिनाच्या कन्व्हर्टिबलला (छत उघडणाऱ्या गाडीला) गिऱ्हाईकच नव्हतं. विमा परवडत नव्हता आणि मोठ्या इंजिनांचे दिवस संपत आले होते. जेमतेम डझनभर गाड्या बनल्या. २०१४ मध्ये त्यातली एक लिलावात ३५ लाख डॉलरला गेली.

नवख्या माणसाने या दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या करून बघाव्यात. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ होत नाही. म्हणून 'नवी स्पोर्ट्स कार भाव वाढेल म्हणून घेऊ का?' असं कोणी विचारलं की माझं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असंच असतं. काही गाड्या मात्र खरोखर ठेवा ठरतात, आणि थोडा अभ्यास केला तर त्या ओळखताही येतात. तो अभ्यास कसा करायचा, ते आता क्रमाने बघू.

पायरी पहिली: गाडी बघायच्या आधी हिशेब मांडा

समजा गाडीची किंमत १०० आहे. हेच १०० तुम्ही वर्षाला ६ टक्के देणाऱ्या ठिकाणी ठेवले, तर दहा वर्षांत त्यांचे साधारण १७९ होतात. गाडी मात्र दरवर्षी काहीतरी मागत राहते. विमा, जागेचं भाडं, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी हे सगळं काटकसरीने वर्षाला ३ धरू. ते ३ सुद्धा गुंतवले असते तर दहा वर्षांत व्याजासकट ३९-४० झाले असते. म्हणजे दहा वर्षांनी गाडी २१८ ला विकली गेली, तर तुम्ही फक्त बरोबरीत सुटलात. त्यातून लिलावगृहाचं किंवा मध्यस्थाचं कमिशन आणि कर अजून वजा व्हायचे आहेत.

गाडीची किंमत दुप्पट झाली हे ऐकायला फार गोड वाटतं. हा हिशेब कागदावर मांडला की त्या दुपटीचा खरा अर्थ कळतो. म्हणून मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: या गाडीला पुढे कधीच भाव आला नाही, तरी ती आपल्याकडे असल्याचा आनंद मला होईल का? उत्तर 'हो' असेल तरच पुढच्या पायरीवर या. 'नाही' असेल, तर पैसा वाढवायचे याहून सोपे आणि कमी जागा अडवणारे मार्ग आहेत.

पायरी दुसरी: गाडी उतारावर आहे, तळाशी आहे की चढावर?

बहुतेक सगळ्या स्पोर्ट्स कारच्या किमतीची वाट सारखीच असते. शोरूममधून बाहेर पडली की ती घसरायला लागते. आठ-दहा, कधी पंधरा वर्षांनी तळ गाठते आणि बराच काळ तिथेच रेंगाळते. त्यानंतर मोजक्याच गाड्या पुन्हा वर चढतात, बाकीच्या नुसत्या जुन्या होतात.

पोर्शची करेरा जीटी आज दंतकथेसारखी वाटते. व्ही१० (दहा सिलिंडरचं) इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स आणि एकूण १,२७० गाड्या. तिची मूळ किंमत ४,४०,००० डॉलरच्या आसपास होती, आणि मधली काही वर्षं ती त्याहूनही खाली मिळत होती. आज तिच्यासाठी दहा लाख डॉलरच्या वर मोजावे लागतात. लेक्सस एलएफएचंही तेच झालं. २०१० ते २०१२ मध्ये फक्त ५०० बनल्या. तिचं इंजिन संथ फिरण्यापासून मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत इतक्या झटक्यात जायचं की काट्याचा मीटर मागे पडेल म्हणून डिजिटल मीटर बसवावा लागला. एवढं असूनही उत्पादन थांबल्यावर काही वर्षं अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडे नवीकोरी एलएफए पडून होती. ज्यांना तेव्हा ती आवडली होती, त्यांनी घासाघीस करून घेतली असेल. आज ती संधी नाही.

तेव्हा नवीन गाडी घेऊन पहिली घसरण स्वतःच्या खिशातून भरण्यापेक्षा, ती घसरण दुसऱ्या कोणीतरी भरलेली गाडी घ्या. मी ज्यांना ज्यांना गाडी घ्यायला मदत केली, त्यांच्यापैकी समाधानी राहिले ते बहुतेक तळाशी असलेली गाडी घेणारेच.

पायरी तिसरी: 'लिमिटेड एडिशन' ही पाटी बाजूला ठेवून बघा

कंपनीने ठरवून कमी बनवलेली गाडी आणि लोकांना हवीहवीशी असूनही कमी उरलेली गाडी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतला कमीपणा कंपनी उद्या मोडू शकते.

२०१६ ची पोर्श ९११ आर बघा. फक्त ९९१ गाड्या, ५०० अश्वशक्तीचं ४ लिटरचं इंजिन आणि मॅन्युअल गिअरबॉक्स. त्या वेळच्या ९११ जीटी३ मध्ये मॅन्युअल मिळतच नव्हता, म्हणून हिच्यावर उड्या पडल्या आणि छापील किमतीच्या कितीतरी पट भाव बोलला जाऊ लागला. पुढच्याच वर्षी पोर्शने जीटी३ मध्ये मॅन्युअल परत आणला, वर टूरिंग नावाची साधीसुधी दिसणारी आवृत्तीही काढली. ९११ आरचा भाव धाडकन उतरला. गाडीत काही बदललं नव्हतं, ती तेव्हाही उत्तम होती आणि आजही आहे. फसले ते फक्त वरच्या टोकाला घेणारे.

'शेवटची' या शब्दाचंही तसंच आहे. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोरॅडो शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल म्हणून गाजली. शेवटच्या २०० तर एकसारख्या पांढऱ्या रंगात बनवल्या. लोकांनी त्या ठेव म्हणून घेतल्या. १९८४ मध्ये कॅडिलॅकने एल्डोरॅडो कन्व्हर्टिबल पुन्हा काढली, तेव्हा जपून ठेवणाऱ्यांच्या हाती नुसती मनस्तापाची कागदपत्रं उरली.

उन्माद चालू असताना तर घाई करूच नका. १९८८ मध्ये जॅग्वारने एक्सजे२२० दाखवली ती व्ही१२ इंजिन आणि चारही चाकांना ताकद देणारी. लोकांनी पन्नास-पन्नास हजार पौंड अनामत भरली. १९९२ मध्ये गाडी आली तेव्हा तिच्यात टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) लावलेलं व्ही६ होतं आणि ताकद फक्त मागच्या चाकांना जात होती. मधल्या काळात जुन्या गाड्यांच्या बाजारातला फुगाही फुटला होता. अनेकांना करारातून बाहेर पडायचं होतं, प्रकरण कोर्टात गेलं. ठरलेल्या ३५० गाड्याही पूर्ण झाल्या नाहीत. एक्सजे२२० ला मान मिळाला, पण त्यासाठी दोन दशकांहून जास्त काळ जावा लागला.

मग लोक मागे लागतात तरी कशाच्या?

इथे जरा थांबू या, कारण खरा अंदाज इथेच बांधता येतो. जुन्या गाड्यांवर पैसा खर्च करणारी माणसं साधारण चाळिशी-पन्नाशीत असतात, आणि शाळा-कॉलेजात असताना ज्या गाडीचं चित्र भिंतीवर लावलं होतं तीच गाडी शोधत असतात. निसान स्कायलाइन जीटी-आर किंवा टोयोटा सुप्राचे भाव चढले ते व्हिडिओ गेम खेळत मोठी झालेली पिढी कमावती झाली म्हणून. त्यात अमेरिकेत २५ वर्षांहून जुनी गाडी आयात करताना तिथले सुरक्षा नियम आड येत नाहीत. त्यामुळे स्कायलाइन जीटी-आरच्या आर३२ पिढीसाठी २०१४ मध्ये आणि आर३४ पिढीसाठी २०२४ मध्ये ती बाजारपेठ खुली झाली. तुम्ही गाडी निवडाल तेव्हा आज चौदा-पंधरा वर्षांची मुलं कोणत्या गाडीसमोर उभी राहून फोटो काढतात, त्याकडे लक्ष ठेवा. पंचवीस वर्षांनी तुमचं गिऱ्हाईक तीच असतील.

दुसरी गोष्ट चालवण्यातल्या जिवंतपणाची. वेग हा टिकणारा गुण नाही. आजची सर्वांत वेगवान गाडी पाच वर्षांत मागे पडते, आणि इलेक्ट्रिक गाड्यांनी तर शून्य ते शंभरच्या आकड्याची सगळी मिजास उतरवली आहे. गिअर स्वतःच्या हाताने टाकण्याची खुमारी, टर्बोशिवाय वरपर्यंत चढत जाणाऱ्या इंजिनाचा सूर, रस्त्याचा प्रत्येक खडा हातापर्यंत पोचवणारं स्टिअरिंग यांना मात्र पर्याय निघालेला नाही. आणि या गोष्टी नवीन गाड्यांमधून नाहीशा होत चालल्या आहेत.

बाजारही हेच सांगतो. फेरारी ५९९ जीटीबीच्या मॅन्युअल गाड्या जगभरात साधारण ३० बनल्या आणि आज त्या पॅडल शिफ्टवाल्या (स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणाऱ्या) तशाच गाडीच्या कितीतरी पट भावाने जातात. एफ४३० मध्येही मॅन्युअलला वेगळा भाव आहे. नव्या असताना पॅडल शिफ्ट हे आधुनिकतेचं लक्षण होतं, म्हणून बहुतेकांनी तोच घेतला. मॅन्युअल कमी उरले ते त्यामुळे. असा दुर्मीळपणा कंपनी नंतर मोडू शकत नाही. फेरारी ४५८ चंही महत्त्व यातूनच आलं आहे. २०१५ मध्ये तिच्या जागी टर्बोवाली ४८८ आली आणि मधोमध इंजिन असलेल्या फेरारीतलं टर्बोविरहित व्ही८ तिथेच थांबलं.

खर्चाची झेप लहान असेल तर होंडा एस२०००, पहिल्या पिढीतली माझदा एमएक्स-५, लोटस एलिस या वाटेने जा. एमएक्स-५ दुर्मीळ नाही, २०१६ मध्येच तिचा दहा लाखांचा आकडा पार झाला. पण गंज न लागलेली, कोणी छेडछाड न केलेली पहिल्या पिढीतली एमएक्स-५ शोधायला निघा, म्हणजे 'कमी उरलेली' या शब्दाचा अर्थ कळेल. शिकायला याहून चांगली गाडी मला माहीत नाही.

पायरी चौथी: तीस वर्षांनी हिचं डोकं कोण दुरुस्त करणार?

आधुनिक गाड्यांबद्दल मला सगळ्यांत जास्त काळजी याची वाटते. १९६० च्या गाडीचा कार्ब्युरेटर कोणताही हुशार कारागीर उघडून साफ करू शकतो, पत्रा ठोकून काढता येतो, एखादा भाग लेथवर घडवता येतो. आजच्या गाडीत डझनावारी कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत असतात. त्यातला एक गेला आणि कंपनीने तो बनवणं थांबवलं असेल, तर गाडी जागची हलत नाही.

मॅकलॅरेन एफ१ चं उदाहरण घ्या. एकूण १०६ गाड्या, आणि त्यातली एक २०२१ मध्ये दोन कोटी डॉलरच्या वर गेली. या गाडीशी बोलायला १९९० च्या दशकातला कॉम्पॅकचा एक ठरावीक लॅपटॉप लागायचा, आणि कंपनी ते जुने लॅपटॉप जपून ठेवत असे. दोन कोटींच्या गाडीसाठी कोणीही तेवढा आटापिटा करेल. तुमच्या मधल्या किमतीच्या स्पोर्ट्स कारसाठी कोण करणार?

म्हणून गाडी पक्की करायच्या आधी चार गोष्टी विचारा. या मॉडेलचे मालक एकत्र येतील इतक्या गाड्या बनल्या आहेत का? हेच इंजिन किंवा गिअरबॉक्स कंपनीच्या दुसऱ्या खपाऊ गाडीत आहे का? बाहेरचे कारागीर हिचे कंट्रोल युनिट, म्हणजे हे कॉम्प्युटर, दुरुस्त करतात का? हायब्रिड असेल तर बॅटरी मिळते का, आणि केवढ्याला? पोर्श किंवा माझदासारख्या कंपन्या जुन्या गाड्यांचे सुटे भाग पुरवत राहतात, त्याचा मोठा आधार असतो. केवळ इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार ठेवा म्हणून घ्यावी असं मी आज तरी कोणाला सांगणार नाही. बॅटरी वयाने थकते आणि तंत्रज्ञान दर काही वर्षांनी मागे पडतं.

पायरी पाचवी: गाडी हाताने तपासा

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्यासोबत मी एक गाडी बघायला गेलो होतो. विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार गाडी म्हणजे नवीच, बारा वर्षांत चार हजार किलोमीटरही झाले नव्हते. रंग आरशासारखा होता. मी खाली वाकून टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. म्हणजे २३१८ असेल, तर टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. या गाडीचे टायर कारखान्यातून आलेलेच होते. नख दाबलं तर रुतत नव्हतं, रबर लाकडासारखं कडक झालं होतं. आत बसलो तर खिडकीचं बटण बोटाला चिकटलं. त्या काळातल्या अनेक महागड्या गाड्यांच्या प्लॅस्टिकवर मऊ रबरी लेप असायचा, तो वर्षांनी विरघळून चिकट होतो. इंजिन सुरू केल्यावर शिळ्या पेट्रोलचा वास आला आणि मागच्या बाजूने तेलाचा एक बारीक थेंब ओघळला. न चालवल्याने सील सुकले होते. टायर, ब्रेकच्या नळ्या, इंधन पंप, सील, सगळं बदलायचा खर्च धरला तर तिच्याहून चाळीस हजार किलोमीटर जास्त चाललेली, वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली गाडी केव्हाही बरी होती. ओळखीच्याने शेवटी तशीच घेतली.

तपासणी त्या मॉडेलच्या जाणकार कारागिराकडूनच करून घ्या, कारण प्रत्येक गाडीचं दुखणं वेगळं असतं. पोर्श ९९६ (९११ ची एक पिढी) आणि पहिल्या बॉक्स्टरमध्ये इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं, म्हणजे आयएमएस, बेअरिंग. बीएमडब्ल्यू ई४६ एम३ मध्ये मागची सबफ्रेम (मागच्या चाकांचा सांगाडा) जिथे बसते तिथल्या पत्र्याला जाणाऱ्या चिरा. फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला आख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. २०१४ मध्ये पोर्शने ९९१ पिढीतल्या ९११ जीटी३ च्या ७८५ गाड्या आगीच्या धोक्यामुळे परत बोलावल्या आणि सगळ्यांची इंजिनं बदलून दिली. त्यातली गाडी असेल तर बदललेल्या इंजिनाचा कागद हवाच.

मॅन्युअल पोर्श असेल तर कंट्रोल युनिटमधली ओव्हर-रेव्हची नोंद काढायला सांगा. चुकून पाचव्याऐवजी खालचा गिअर पडला आणि इंजिन मर्यादेपलीकडे फिरलं, तर ते किती वेळा आणि कधी झालं हे तिथे लिहिलेलं असतं. विकणारा ही नोंद काढू देत नसेल, तर निघून या.

इंजिन थंड असताना सुरू करून बघणं तर सोडूच नका. तुम्ही पोचायच्या आधी विकणाऱ्याने गाडी गरम करून ठेवली असेल, तर बॉनेटवर हात ठेवला की कळतं. मग चहा-पाणी, गप्पा काय हवं ते करा, पण ती थंड होईपर्यंत थांबा. बॉनेट आणि दारांच्या बोल्टवर पान्याच्या खुणा दिसल्या तर तो भाग कधीतरी उघडला गेला आहे. का उघडला, ते विचारा.

पायरी सहावी: कागद, रंग आणि मूळपणा

दोन सारख्या गाड्यांमध्ये जिची फाइल जाड, तिला जास्त मोल. सर्व्हिस बुक, प्रत्येक बिल, दोन्ही चाव्या, मूळ खरेदीचा कागद, गाडीसोबत आलेली हत्यारांची पिशवीसुद्धा. चेसिस आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवून घ्या. आधीच्या मालकाने बाहेरचा एक्झॉस्ट किंवा चाकं लावली असतील, तर मूळ भाग कुठे आहेत ते विचारा आणि व्यवहारातच मागून घ्या. नंतर मिळत नाहीत.

रंगाबाबत माझं मत थोडं हटवादी आहे: करडा, काळा, पांढरा यांच्यापेक्षा हिरवा, पिवळा, निळा घ्या. नवी असताना लोक बिचकतात, म्हणून असे रंग कमी बनतात, आणि पुढे शोधणाऱ्याला नेमके तेच हवे असतात.

पायरी सातवी: घेतल्यावर काय करायचं

चालवा. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चाललेली गाडी निरोगी राहते आणि भावावरही फारसा परिणाम होत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी बाहेर काढा आणि तेल पूर्ण गरम होईपर्यंत फिरवा. जागेवर पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करू नका, त्याने तेलात ओल साचते. उभी असेल तेव्हा बॅटरीला ट्रिकल चार्जर (हळूहळू चार्ज करत राहणारा) लावा, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा, जागा कोरडी असू द्या. तेल आणि ब्रेक फ्लुइड किलोमीटर बघून नव्हे, तारीख बघून बदला. विमा ठरवलेल्या किमतीचा घ्या, नाहीतर अपघात झाल्यावर कंपनी तिला साधी जुनी गाडी समजून पैसे देईल.

नवी गाडी कंपनीकडून थेट घेत असाल तर करार नीट वाचा. २०१७ च्या फोर्ड जीटीच्या मालकांना दोन वर्षं गाडी विकायची नाही अशी अट होती, आणि ती मोडणाऱ्याला फोर्डने कोर्टात खेचलं.

विकायची वेळ आलीच, तर तुमच्या गाडीच्या पुढच्या पिढीची घोषणा होण्याआधी बाजारात उतरा आणि फाइल आधी तयार ठेवा: बिलं तारखेप्रमाणे लावलेली, खालून काढलेले फोटो, थंड इंजिन सुरू होतानाचा न कापलेला व्हिडिओ. घेणारा आला की गाडी गरम करून ठेवू नका. त्याला बॉनेटवर हात ठेवू द्या.